हात आणि डोळे

आम्ही चित्रकलेचे नवे उपासक आणि चित्रकलेचे शिक्षकही. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून रेखाटन करून आमचा हात बसला. परंतु आमच्या आईचा चेहरा त्या साच्यांत मावेना. तेव्हां गोव्यांत १९०२ सालीं जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांचीं चित्रें आम्हांस गुरुस्थानीं झालीं. शांतिनिकेतनांत शिकून आल्यावर त्यांनीं मेरीमातेस साडी नेसविली, तिला आपल्याकडील स्त्रियांचा सावळा वर्ण दिला. त्यापायीं स्वकीयांचा रोष झाला. तरी पुण्यास राहून त्यांनीं आपली वाट सोडली नाहीं.

आतां आम्ही आई रेखाटतों ती चुलीपाशीं बसलेली, कपाळीं घाम आलेली. विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही चित्रांत तुमचें अंगण दिसूं द्या. हाताचें वळण कोणाकडूनही घ्यावें. डोळे मात्र आपले असावेत.