टाइमलाइनवरचे गट आणि लायब्ररीची जबाबदारी

व्हिडिओ-संकलनाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये संकलकाला दिसते ती टाइमलाइन, म्हणजे डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या काळाची पट्टी आणि तिच्यावर एकाखाली एक मांडलेले ट्रॅक; परंतु या पट्टीवरच्या प्रत्येक क्लिपची नोंद ठेवणे, ती हलवणे, कापणे आणि अखेरीस त्यातून सलग चित्र व ध्वनी तयार करणे हे काम बहुधा पडद्यामागची एखादी लायब्ररी, म्हणजे निरनिराळ्या प्रोग्रॅमना आपल्यात जोडून घेता येईल असा तयार कोड, करत असते. काही क्लिप निवडून त्यांचा गट करणाऱ्या संकलकाची अपेक्षा साधी असते, ती ही की यापुढे त्यांतली एक सरकवली की बाकीच्याही तितक्याच सरकाव्यात. ही अपेक्षा पाळण्याची जबाबदारी लायब्ररीने घ्यायची की तिच्यावर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमने, या प्रश्नाला मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी उत्तरे दिली गेली आहेत.

गटाचा विचार करताना त्याच्याशी नेहमी गल्लत होणाऱ्या दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. पहिली लिंक: एकाच वेळी चित्रित झालेले चित्र आणि त्याचा आवाज यांच्यातला तो संबंध असतो, आणि तो तुटला की ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ, म्हणजे लिप-सिंक, जातो. दुसरी नेस्टिंग: यात अनेक क्लिप एका नव्या सीक्वेन्समध्ये बंद होतात आणि मूळ टाइमलाइनवर त्यांच्या जागी एकच क्लिप उरते, जिच्यावर इफेक्ट लावला तर तो आतल्या सगळ्यांच्या एकत्रित चित्रावर लागतो. गट या दोहोंच्या मध्ये बसतो. त्यातल्या क्लिप आपापल्या ट्रॅकवर दिसत राहतात, वेगवेगळ्या वेळी सुरू होतात आणि वेगवेगळ्या वेळी संपतात, तयार होणाऱ्या चित्रावर गटाचा काडीचाही परिणाम होत नाही. बदलते ते फक्त संपादनाचे वागणे. ज्या गोष्टीला अंतिम चित्रात अस्तित्वच नाही तिला चित्र घडवणाऱ्या यंत्रणेत जागा का द्यायची, असा आक्षेप येतो तो याच कारणाने, आणि तो वरवरचा नाही.

फिल्मच्या काळात अनेक पट्ट्या एकत्र हलवण्याची अडचण यंत्रानेच सोडवली होती. संकलनाच्या टेबलावरच्या सिंक्रोनायझरमध्ये एकाच दांड्यावर बसवलेली दातेरी चाके असत, प्रत्येक चाकावर चित्राची किंवा मॅग्नेटिक आवाजाची एक पट्टी चढे, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी चाकाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक फूट, अर्थात १६ फ्रेम. दांडा एकच असल्यामुळे एक पट्टी पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली असे घडणे शक्यच नव्हते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये स्टीनबेक या संकलन-टेबलावर शिकलेल्या पिढ्यांना हा भौतिक बंध हाताने ठाऊक होता. संगणकात मात्र तसा दांडा आपोआप मिळत नाही. तो कोडमध्ये कोणीतरी मुद्दाम बसवावा लागतो.

जीस्ट्रीमर एडिटिंग सर्व्हिसेस, संक्षेपाने जीईएस, या लायब्ररीने तो स्वतःमध्येच बसवला आहे. पिटिव्ही हा संकलनाचा मुक्त प्रोग्रॅम हिच्यावर चालतो. या लायब्ररीच्या रचनेत ज्याला संकलक ट्रॅक म्हणतो त्याला लेयर म्हटले जाते, तर ट्रॅक म्हणजे बाहेर पडणारा एकेक प्रवाह, साधारणतः एक चित्राचा आणि एक ध्वनीचा. त्यामुळे चित्र आणि आवाज दोन्ही असलेली एकच क्लिप लेयरवर बसते आणि दोन्ही ट्रॅकमध्ये आपला एकेक घटक निर्माण करते. क्लिप आणि गट हे दोघेही कंटेनर नावाच्या एकाच वर्गातून उतरलेले आहेत, आणि म्हणून गटात क्लिप मावतात तसे दुसरे गटही मावतात. या लायब्ररीला काही क्लिपचा गट करायला सांगितले की ती आधी पाहते की त्या एकाच फाइलमधून आलेल्या, एकाच लेयरवरच्या, सुरुवात व लांबी तंतोतंत सारखी असलेल्या, पण वेगवेगळ्या ट्रॅकसाठीच्या आहेत का. तसे असेल तर त्यांची मिळून एक क्लिपच होते, नसेल तर खरा गट तयार होतो. उलट, चित्र-आवाजाची क्लिप विलग करायला सांगितले तर तिच्या दोन क्लिप होतात. लिंक आणि गट यांना एकाच क्रियेची दोन टोके मानणारी ही मांडणी देखणी आहे, मात्र नवख्या प्रोग्रॅमरला ती पहिल्या वाचनात हमखास चकवते.

गटाचे गुणधर्म कसे ठरतात हे एका उदाहरणात जवळून पाहता येईल. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर मुलाखतीचे चित्र १० व्या सेकंदाला सुरू होऊन १६ व्या सेकंदाला संपते, तिचा आवाज चित्राच्या १० फ्रेम आधी सुरू होऊन चित्राबरोबर संपतो, आणि बोलणाऱ्याचे नाव ११ ते १४ सेकंद दिसते, असे समजू. या तिघांच्या गटाची सुरुवात म्हणजे सर्वांत आधी सुरू होणाऱ्या सदस्याची सुरुवात, म्हणजे ९.६ सेकंद, आणि शेवट म्हणजे सर्वांत उशिरा संपणाऱ्याचा शेवट. गटाला स्वतःची अशी वेळ नसतेच. आता गट दोन सेकंद मागे न्यायचा आहे, आणि आवाजाच्या ट्रॅकवर आधीची एक क्लिप बरोबर ८ व्या सेकंदाला संपते. चित्राला आणि नावाला मागे जायला जागा आहे, आवाजाला मात्र १.६ सेकंदच. प्रत्येक सदस्याने आपापल्यापुरते जमेल तेवढे सरकायचे ठरवले तर चित्र दोन सेकंद जाईल, आवाज १.६ सेकंद जाईल आणि १० फ्रेमचा सिंक कायमचा बिघडेल. हा बिघाड लगेच लक्षात येईलच असेही नाही. म्हणून आधी सर्व सदस्यांची तपासणी करायची आणि मग एकतर सगळ्यांना सारखेच सरकवायचे किंवा कोणालाच नाही, हा गटाचा गाभ्याचा नियम ठरतो. कुलूपबंद ट्रॅकवर एखादा सदस्य अडकला असेल तर उरलेल्यांना हलवून मोकळे होण्यापेक्षा सरळ नकार देणे केव्हाही बरे.

जीईएसमध्ये हा नकार लायब्ररीच देते. एका लेयरवर एकाच ट्रॅकमधली एक क्लिप दुसरीला पूर्णपणे झाकणार असेल, किंवा एकाच क्षणी तीन क्लिप एकमेकींवर येणार असतील, तर तो बदल मुळीच होत नाही. दोन क्लिपची अर्धवट गाठ मात्र चालते, कारण तिथे एकीतून दुसरीत विरत जाणारे संक्रमण करता येते. गटाची लांबी कमी करण्याचा प्रश्न याहून किचकट आहे. वरच्या उदाहरणात गटाचा शेवट १५ व्या सेकंदावर आणला तर चित्र आणि आवाज तेवढे छाटले जातात, नाव जसेच्या तसे राहते. १३ व्या सेकंदावर आणला तर नावालाही कात्री लागते. आणि ११ व्या सेकंदाच्या अलीकडे आणला तर नावाला लांबीच उरत नाही, तेव्हा ही आज्ञा फेटाळण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरे उत्तर एमएलटीचे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट हे दोन लोकप्रिय प्रोग्रॅम जिच्यावर उभे आहेत त्या या लायब्ररीच्या जुन्या फाइलींच्या माथ्यावर २००३-२००४ या सालांसह हैदराबादच्या उषोदया एंटरप्रायझेसचे नाव आढळते. ईटीव्ही मराठी ज्या समूहाची वाहिनी होती त्याच समूहातली ही कंपनी, आणि दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण ही तिथली गरज. प्रक्षेपणाला क्लिप एकामागोमाग बिनचूक सुटणे महत्त्वाचे असते, त्यांचे गट नव्हे. एमएलटीच्या घडणीत ही नड अजून दिसते. तिच्यात ट्रॅक म्हणजे प्लेलिस्ट, आणि प्लेलिस्टमध्ये क्लिप आणि मोकळ्या जागा ओळीने लावलेल्या असतात. क्लिप कितव्या फ्रेमला सुरू होते हे तिच्या आधीच्या सगळ्या लांब्यांच्या बेरजेवरून निघते. साहजिकच क्लिप हलवणे म्हणजे तिच्या एका बाजूची मोकळी जागा वाढवणे आणि दुसऱ्या बाजूची घटवणे. गट ही संकल्पना लायब्ररीत नाहीच.

ती पोकळी प्रोग्रॅमने भरायची. एप्रिल २०१९ मधल्या १९.०४ या आवृत्तीत टाइमलाइनचा कोड नव्याने लिहिताना केडेनलाइव्हने गटांची झाडे ठेवली: प्रत्येक सदस्याकडून त्याच्या पालकाकडे जाणारा दुवा, पालकाकडून मुलांकडे जाणारे दुवे, आणि चित्र-आवाजाची जोडी हा गटाचाच एक वेगळा प्रकार. गटातली क्लिप प्लेहेडपाशी, म्हणजे टाइमलाइनवरची चालू जागा दाखवणाऱ्या उभ्या रेषेपाशी, कापली की त्या रेषेवर येणारे बाकीचे सदस्यही कापले जातात आणि झाडाची डावी व उजवी अशी दोन झाडे होतात. संकलकाच्या मनात नेमके हेच असते, आणि ते इतके सरळ घडते की त्यामागचा खटाटोप कोणाच्या ध्यानात येत नाही. हे सगळे एकाच अनडूने परतही फिरले पाहिजे, हा त्यातला सर्वांत जिकिरीचा भाग.

काळ मोजण्याच्या एककाचाही येथे संबंध येतो. एमएलटी पूर्णांकी फ्रेम मोजते, जीईएस नॅनोसेकंद. सेकंदाला २५ फ्रेम आणि ४८,००० ध्वनी-नमुने असतील तर एका फ्रेमला बरोबर १,९२० नमुने येतात. पण अमेरिकी पद्धतीच्या २९.९७ वर, म्हणजे खरे तर ३०,००० भागिले १,००१ या दरावर, फ्रेमला १,६०१.६ नमुने येतात आणि एका फ्रेमचे नॅनोसेकंदही पूर्ण आकड्यात बसत नाहीत. म्हणून गट हलवताना प्रत्येक सदस्याची नवी जागा स्वतंत्रपणे काढून तिचे पूर्णांकन करण्याऐवजी अंतर एकदाच ठरवून तेच सर्वांना लावणे आवश्यक असते. अन्यथा वारंवार हलवल्या गेलेल्या गटातले आतले अंतर कणाकणाने सरकत जाते.

जबाबदारी कोणाची, या वादात जीईएसची बाजू सरस वाटते. त्याचे कारण तांत्रिक सौंदर्यात नसून प्रकल्पाच्या फाइलीत आहे. जीईएस आपल्या एक्सएमएल फाइलीत गटांची यादी स्वतः लिहिते, त्यामुळे ती लायब्ररी वापरणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला गट जसाच्या तसा सापडतो. केडेनलाइव्ह गटांचे झाड जेसन या मजकूर-स्वरूपात आपल्या नावाच्या गुणधर्मात साठवतो, शॉटकट आपल्या नावाचा निराळा गुणधर्म वापरतो; लायब्ररी एकच असूनही एकाचा गट दुसऱ्याला उमगत नाही. पिक्सारमध्ये घडलेल्या आणि पुढे अ‍ॅकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेलेल्या ओपनटाइमलाइनआयओ या देवाणघेवाणीच्या लायब्ररीतही ट्रॅक आणि स्टॅक एकमेकांत घालून नेस्टिंग नेमके मांडता येते, पण ट्रॅक ओलांडून जाणाऱ्या सैल गटाला तिथे स्वतःचे घर नाही. तो मेटाडेटाच्या कप्प्यात, लिहिणाऱ्याच्या मर्जीच्या नावाखाली जातो. फायनल कट प्रो ७ च्या एक्सएमएलमध्ये निदान लिंकची नोंद ट्रॅकचा आणि क्लिपचा क्रमांक देऊन होत असे, आणि मधे एखादी क्लिप घुसवून क्रमांक दुरुस्त न करणाऱ्या रूपांतरकाच्या हातून आवाज भलत्याच चित्राला जोडला जाण्याचा धोका असे.