दोन धावांचा हिशेब

क्रिकेटच्या धावफलकात 'नाबाद' हा शब्द कोठे आणि कोणापुढे लिहिला जातो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. विजयी संघाच्या रकान्यात तो असला की वाचणारा समाधानाने पुढे जातो. पराभूत संघाच्या रकान्यात तो दिसला, तर मात्र नजर तेथेच अडखळते. ज्याला कोणी बाद करू शकले नाही, तो हरलेल्यांत कसा? संघ सगळा बाद झाला, म्हणून हाही थांबला. याच्या पुढे खेळायला दुसऱ्या टोकाला कोणी उरले नाही, एवढेच त्याचे उत्तर. आमच्या आठवणीत असा एक 'नाबाद' गेली कित्येक वर्षे रुतून बसला आहे. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

तो सामना १९९०-९१ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना. स्थळ मुंबईचे वानखेडे मैदान, महिना मे. एका बाजूला रणजी करंडकाची जणू पिढीजात मालकी असलेली मुंबई, दुसऱ्या बाजूला तोवर एकदाही तो करंडक न जिंकलेला, कपिल देवच्या नेतृत्वाखालील हरियाणा. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. दीपक शर्माचे द्विशतक एका धावेने हुकले. तो १९९ वर बाद झाला. मुंबईला ४१० पर्यंतच पोहोचता आले. हरियाणाचा दुसरा डाव २४२ वर संपला आणि शेवटच्या दिवशी मुंबईपुढे विजयासाठी ३५५ धावांचे लक्ष्य उभे राहिले.

रणजी स्पर्धेचा नियम येथे ध्यानात घेतला पाहिजे. अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. आघाडी हरियाणाकडे होती, तीही ११२ धावांची. म्हणजे मुंबईला सामना वाचवून काहीच मिळणार नव्हते. जिंकणे, नाही तर हरणे, एवढे दोनच मार्ग होते. त्यात ३४ धावांत मुंबईचे तीन गडी बाद झाले. तेव्हा खेळपट्टीवर दिलीप वेंगसरकर होते आणि त्यांच्या जोडीला आला तो नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला सचिन तेंडुलकर. एकाचे वय पस्तीस, दुसऱ्याचे जवळजवळ त्याच्या निम्मे. दोघांनी १३४ धावांची भागी केली. सचिन ७५ चेंडूंत ९६ धावा करून बाद झाला. वेंगसरकर मात्र उभे राहिले. एकेक गडी येत होता, जात होता. शेवटचा जोडीदार अ‍ॅबी कुरुविला आला, तेव्हा सुमारे पन्नास धावा अजून हव्या होत्या. वेंगसरकरांच्या पायांत गोळे येत होते. लालचंद राजपूत त्यांच्यासाठी रनर म्हणून धावत होता. त्या अवस्थेत त्यांनी अंतर कमी कमी करीत आणले. तीन धावा उरल्या असताना कुरुविला धावचीत झाला. मुंबई सर्वबाद ३५२. वेंगसरकर नाबाद १३९. दोन धावांनी पराभव. लॉर्ड्‌सवर तीन कसोटी शतके ठोकलेला तो खेळाडू त्या दिवशी मैदानावरच रडला.

आम्ही हे सर्व दुसऱ्या दिवशी इंदूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रात वाचले. उज्जैनच्या आमच्या घरात त्या सकाळी चहा निवून गेला, हे आजही आठवते. आमचे तीर्थरूप तेव्हा हयात होते. त्यांनी धावफलक दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तो हरला नाही, त्याला हरवले." त्यांचे हे वाक्य त्या वेळी आम्हांस पटले. पुढे विचार करता करता ते अपुरे वाटू लागले.

थोडक्यात झालेल्या पराभवाची एक विचित्र खोड असते. तो आपली सर्व नजर शेवटच्या क्षणावर खिळवून ठेवतो. मुंबई दोनशे धावांनी हरली असती, तर कोणी कोणाकडे बोट दाखवले नसते. दोन धावांनी हरल्यामुळे मात्र शेवटी धावचीत झालेल्या अकराव्या खेळाडूचे नाव लोकांच्या तोंडी बसले. तेथे तो होता, तो कमी पडला, असा न्याय चहाच्या टपरीवर क्षणात होऊन गेला. वास्तविक त्याने आपल्या क्रमांकाच्या कुवतीपेक्षा अधिक वेळ तग धरला, म्हणूनच तर लक्ष्य नजरेच्या टप्प्यात आले होते! पाच दिवसांत दोन्ही संघांनी मिळून १५२६ धावा केल्या. त्यातील नेमक्या कोणत्या दोन धावा कमी पडल्या, हे कोण सांगणार? पहिल्या दिवशी सीमेपर्यंत जाऊ दिलेला एखादा चेंडू, दुसऱ्या दिवशी आळसाने सोडलेली एखादी एकेरी धाव, हातातून निसटलेला एखादा झेल, यांपैकी कशावरही तो भार टाकता येईल. पहिल्या डावातील ११२ धावांची पिछाडी हे त्या पराभवाचे खरे मूळ. पण मुळे जमिनीखाली असतात आणि डोळ्यांना शेंडाच दिसतो.

याच न्यायाने वेंगसरकरांच्या खेळीकडेही पाहिले पाहिजे. 'दोन धावा आणखी केल्या असत्या तर' हे त्यांच्याविषयी म्हणता येत नाही आणि 'त्यांच्यापुरता विजयच' असेही म्हणवत नाही. दुसरे विधान सांत्वनाचे आहे आणि सांत्वन स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती, हे त्यांच्या अश्रूंनीच सांगितले. व्यक्तिगत यश हेच साध्य असते, तर नाबाद १३९ धावा करणारा माणूस रडला नसता. मुंबईने त्याआधीचा करंडक १९८४-८५ मध्ये जिंकला होता आणि पुढचा जिंकायला १९९३-९४ उजाडले. तोवर वेंगसरकर निवृत्त झाले होते. रणजीचा अंतिम सामना त्यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

तीर्थरूपांना ही खेळी इतकी जिव्हारी का लागली, त्याचे कारण मुंबईत नव्हते, माळव्यात होते. त्यांचे तारुण्य होळकर संघाच्या काळात गेले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. चार वेळा जिंकला, सहा वेळा हरला. आमच्या घरांतून चार विजयांच्या कथा जितक्या रंगत, तितक्याच सहा पराभवांच्याही. त्यांतील पहिल्या पराभवात, मार्च १९४५ मध्ये, मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य ठेवले होते. महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला डेनिस कॉम्प्टन त्या सामन्यात होळकरांकडून खेळला आणि २४९ वर नाबाद राहिला. होळकर ३७४ धावांनी हरले. तोही पराभवातील 'नाबाद'च. पण अंतर एवढे मोठे, की ती खेळी अलंकारासारखी वेगळी काढून मिरवता येते. कोणी तिच्याकडे उरलेल्या धावा मागत नाही.

सहावा पराभव मात्र तीर्थरूपांनी कधी मिरवला नाही. १९५४-५५ चा तो अंतिम सामना इंदूरलाच झाला आणि होळकर संघ मद्रासकडून ४६ धावांनी हरला. ते उज्जैनहून गाडीने जाऊन तो पाहून आले होते. पुढच्या हंगामापासून होळकर संघ हे नावच राहिले नाही. संस्थान आधीच विलीन झाले होते, संघही गेला. परतफेडीची संधी न उरलेला पराभव कसा असतो, हे त्यांनी तेव्हा पाहिले होते. १९९१ च्या त्या सकाळी वेंगसरकरांच्या दोन धावांत त्यांना आपल्या शेहेचाळीस धावा दिसल्या असाव्यात, असे आम्हांस आता वाटते.

येथे आम्हां जुन्या मराठी घराण्यांच्या मनातील एक गुंता उकलून पाहावा लागतो. उज्जैन ही शिंद्यांची नगरी. दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात नेली, तरी गोपाळमंदिर आणि घाट शिंदेशाहीची साक्ष देत येथेच राहिले. १८०१ साली याच उज्जैनपाशी यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला होता. पण विसाव्या शतकात क्रिकेट आले आणि शिंद्यांची आम्ही प्रजा बिनतक्रार होळकरांच्या बाजूने ओरडू लागलो! कर्नल सी. के. नायुडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर ही नावे आमची झाली. समोर मुंबई असली, म्हणजे मर्चंट, मंत्री, माधव आपटे असले, तरी आम्ही होळकरच. मात्र होळकर संघ लयाला गेल्यावर, मध्य प्रदेशाच्या संघाला सूर सापडेना, तेव्हा हळूहळू आमची निष्ठा भाषेच्या वाटेने मुंबईकडे सरकली. १९९१ पर्यंत ती इतकी सरकली होती, की मुंबईचा पराभव आमच्या घरातला झाला.

मग १९९८-९९ चा हंगाम आला. मध्य प्रदेशाने अंतिम फेरी गाठली. कर्णधार चंद्रकांत पंडित, मूळचे मुंबईकर. स्थळ बेंगळुरूचे चिन्नास्वामी मैदान, प्रतिस्पर्धी कर्नाटक. मध्य प्रदेशाकडे पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी होती. १९९१ च्या मुंबईहून ही स्थिती नेमकी उलटी होती. जिंकण्याची गरज नव्हती, शेवटचा दिवस खेळून काढला तरी करंडक मिळत होता. लक्ष्य २४७ चे होते. विजय भारद्वाजने २४ धावांत सहा गडी टिपले, संघ १५० वर बाद झाला आणि ९६ धावांनी हरला. आकडा शहाण्णवचा असला, तरी त्या पराभवाचे माप धावांनी घ्यायचे नाही, उरलेल्या षटकांनी घ्यायचे. धावा न करता नुसते टिकणे पुरले असते. मुंबई धाडस करून दोन धावांनी हरली, मध्य प्रदेश संयम सुटल्याने हरला. दोन्हीकडे हुरहूर एकच.

पंडितांनी हा पराभव मागे ठेवला नाही, असे पुढच्या घटनांवरून दिसते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला करंडक मिळवून दिला, विदर्भाला लागोपाठ दोनदा मिळवून दिला आणि शेवटी ते मध्य प्रदेशाकडे आले. जून २०२२ मध्ये, तेवीस वर्षांनी, त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेश अंतिम सामना खेळला. समोर मुंबई! मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या बळावर ५३६ धावांनी उत्तर दिले आणि सामना सहा गडी राखून जिंकला. एका तंबूत प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, दुसऱ्या तंबूत प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोघेही मुंबईच्या मैदानांवर वाढलेले मराठी खेळाडू. पंडितांना त्या दिवशी अश्रू आवरले नाहीत.

आम्ही दूरदर्शन संचापुढे बसलो होतो. शेजारी नातू. सामना संपताच त्याने विचारले, "आबा, अपन जीते कि हारे?" घरात मराठी, गल्लीत हिंदी बोलणाऱ्या मुलाचा तो सरळ प्रश्न. आम्ही क्षणभर गप्प राहिलो. वेंगसरकरांच्या दोन धावांवर ज्या घरात चहा निवला, त्या घराने आज मुंबईच्या पराभवावर पेढे वाटायचे काय? मग तीर्थरूपांच्या शेहेचाळीस धावा आठवल्या आणि आम्ही म्हणालो, "जिंकलो. बऱ्याच वर्षांनी जिंकलो." भाषा आईकडून येते, पण ज्या मातीत खेळताना गुडघे फुटतात, ती मातीही आपल्यावर हक्क सांगते. आठ पिढ्या क्षिप्रेचे पाणी प्यालेल्यांनी हा हक्क मान्य करण्यास संकोचू नये. त्याने मुंबईविषयीचा जिव्हाळा उणा होत नाही.

आता वेंगसरकरांच्या त्या खेळीकडे पाहताना आम्हांस सांत्वनही नको वाटते आणि दोषारोपही. पंडितांना मिळाली तशी परतफेड प्रत्येकाला मिळतेच असे नाही. होळकर संघाला मिळाली नाही, वेंगसरकरांनाही मिळाली नाही. म्हणून त्यांचे मोल कमी ठरवायचे, तर मग तेवीस वर्षे थांबण्याइतके आयुष्य ज्यांच्या हाती असेल, त्यांचेच श्रम खरे मानावे लागतील. आपल्या समाजातील किती माणसे आयुष्यभर एक टोक सांभाळून उभी राहिली आणि दुसऱ्या टोकाचा गडी बाद झाला म्हणून हिशेबात हरलेली धरली गेली! शाळा चालवणारे, ग्रंथालय टिकवणारे, गणेशोत्सवाची वर्गणी दारोदार मागणारे. त्यांच्या नावापुढे 'नाबाद' लिहिण्याएवढी न्यायबुद्धी तरी आपण ठेवावी.

उज्जैनच्या क्षीरसागर मैदानावर आजही मुले खेळतात. याच शहरात जन्मलेला नमन ओझा २०१५ साली भारताकडून कसोटी खेळला. ती त्याची एकच कसोटी. त्या मुलांतील एखादा संध्याकाळी घरी येऊन सांगेल, की दोन धावांनी हरलो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला शेवटचा चेंडू कोणी टाकला आणि शेवटी कोण बाद झाले, हे विचारू नये. तू किती वेळ उभा होतास, एवढे विचारावे, आणि त्याचे सांगून होईपर्यंत ऐकावे.