चौकोनी भोंकाचा पैसा

मनुष्यास एखादा तरी निरुपद्रवी छंद असावा, असें शहाणे लोक सांगतात. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी शंखशिंपले गोळा करितो. आम्हांस नाद लागला तो चीनच्या बादशाही अमदानींतील तांब्यापितळेच्या पैशांचा. आमचे मामा बोटीवर नोकरीस होते. त्यांनीं हाँगकाँगच्या बाजारांतून आणिलेले ७ पैसे हेंच आमच्या संग्रहाचें मूळ भांडवल. पुढें मुंबईच्या चोरबाजारांत हिंडून व इतर संग्राहकांशीं अदलाबदल करून त्यांत भर पडत गेली, आणि आज आमच्या पेटींत ४१ नाणीं आहेत.

"हे काळे पडलेले तुकडे कशास सांभाळतां? यांची किंमत ती काय?" असें घरचीं वडील माणसें विचारितात. किंमतीविषयीं त्यांचें म्हणणें बरेंचसें खरें आहे. हे पैसे चीनांत इतक्या अमाप संख्येनें ओतले गेले, कीं त्यांतील सामान्य नाणें आजहि थोडक्यांत मिळतें. परंतु प्रत्येक नाणें म्हणजे राज्यानें रयतेस दिलेलें एक वचन होय. तें पाळलें गेलें कीं मोडलें गेलें, याची साक्ष तें तांबेंच देत असतें. ती साक्ष ऐकण्यासाठीं आम्ही हीं नाणीं जमवितों.

प्रथम त्यांची घडण पाहावी. नाणें बाहेरून वाटोळें व मध्यें चौकोनी भोंक. आकाश वाटोळें व पृथ्वी चौकोनी, ही चिनी लोकांची प्राचीन कल्पना या आकृतींत उतरली आहे असें मानितात. आपली शिवराई ठशाखालीं ठोकून पाडीत. चिनी पैसा मात्र सांच्यांत ओतीत. पुढील काळांत रेतीच्या सांच्यांतून नाणीं निघत, तीं फांदीस फळें लागावींत तशीं एकमेकांस जोडलेलीं असत. तीं तोडून चौकोनी गजांत ओंवीत, म्हणजे तीं गरगर न फिरतां सर्वांच्या कडा एकदम कानशीनें घासतां येत. बाजारांत गेल्यावर त्याच भोंकांतून दोरी घालून त्यांच्या माळा करीत.

इ. स. पू. २२१ मध्यें छिन वंशाच्या शि-ह्वांग यानें सारा चीन एका छत्राखालीं आणिला आणि 'पान-लिआंग', म्हणजे 'अर्धा लिआंग', हें नाणें सर्वत्र चालू केलें. लिआंग हें तेथील वजन. पुढें इ. स. पू. ११८ मध्यें हान वंशाच्या वू-ती बादशहानें 'वू-चू', म्हणजे 'पांच चू' वजनाचें नाणें काढिलें. त्याची परंपरा सातशें वर्षांहून अधिक टिकली. या दोन्ही नाण्यांवर राजाचें नांव नाहीं, मुखवटा नाहीं. आहे तें केवळ वजन! इ. स. ६२१ मध्यें थांग वंशानें चार अक्षरांचें 'कैयुआन थुंग-पाओ' नाणें सुरू केलें. त्याचीं अक्षरें औयांग श्युन या विख्यात सुलेखकाचीं असून, अशा दहा नाण्यांचें वजन एक लिआंग भरे. पुढें पुढें बादशाही कालखंडाचें नांव नाण्यावर येऊं लागलें. त्यामुळें चार अक्षरें ओळखतां आलीं कीं नाण्याचा काळ बहुधा कळतो. आम्हीहि चिनी लिपीचीं पहिलीं अक्षरें अशींच शिकलों.

आमच्या पेटींतील सर्वांत देखणें नाणें सुंग वंशांतील ह्वेइ-त्सुंग बादशहाचें, इ. स. ११०७ ते १११० या काळांतलें. हा बादशहा स्वतः थोर चित्रकार व सुलेखक. नाण्यावरील बारीक, रेखीव अक्षरें त्याच्याच वळणाचीं आहेत. परंतु राज्याची निगा राखणें त्यास साधलें नाहीं. ११२७ सालीं उत्तरेकडील जुर्चेन लोकांनीं त्यास कैद करून नेलें व कैदेंतच त्याचा अंत झाला. सुंग अमदानींतील हीं नाणीं समुद्रमार्गें दूरवर गेलीं. पुढें जेथें भोसल्यांचें राज्य झालें, त्या तंजावरच्या मुलुखांतहि चिनी नाण्यांचे सांठे जमिनींतून निघाले आहेत.

आतां शेवटच्या, मांचू अमदानीकडे वळूं. ताओ-क्वांग बादशहाचें (१८२१–१८५०) नाणें आमच्याजवळ आहे. दिसावयास अगदीं साधें; पण तें हातीं घेतलें कीं आम्हांस मुंबई बंदर आठवतें. त्या काळीं माळव्याची अफू मुंबईहून गलबतांत भरून चीनला जाई, आणि तिच्या मोबदल्यांत चीनची चांदी बाहेर वाहूं लागली. १८३९ सालीं लिन त्से-शू या अधिकाऱ्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यावरून इंग्रजांनीं युद्ध केलें व १८४२ च्या तहानें चीनला नमविलें. त्या देशांतील शेतकरी धान्य विकून तांब्याचे पैसे मिळवी, परंतु सारा चांदीच्या हिशेबानें भरी. एक लिआंग चांदीस नियमाप्रमाणें १,००० पैसे पडावे, ते १८५० च्या सुमारास २,००० च्या वर गेले. याचीं कारणें अनेक होतीं, पण अफू हें त्यांतील मोठें कारण. म्हणजे साऱ्याचा आंकडा न वाढतां त्या गरिबाचा सारा दुप्पट झाला! त्याच व्यापाराच्या धनांतून आपल्या मुंबईंत वाडे उठले आणि लोकोपयोगी दानधर्महि झाला. आम्ही त्या दानाची निंदा करीत नाहीं. मात्र त्या पैशाची दुसरी बाजू कोणाच्या अंगणांत पडली होती, हेंहि आपल्या मुलांस ठाऊक असावें.

त्यानंतर शिएन-फंग बादशहाच्या वेळीं थायफिंग बंडामुळें युनानचें तांबें राजधानीस पोंचेना. तेव्हां १८५३ पासून सरकारनें १०, ५०, १००, अगदीं १,००० पैशांच्या किंमतीचीं मोठीं नाणीं काढिलीं. किंमत नाण्यावर लिहिली, पण तेवढें तांबें आंत घातलें नाहीं. बाजार फसला नाहीं. महागाई मात्र भडकली, आणि सर्वांत मोठीं नाणीं लवकरच बंद करावीं लागलीं. 'पांच चू' असें स्वतःचें वजन सांगणारें जुनें नाणें आणि हें पोकळ बढाईचें नाणें, अशीं दोन्हीं आम्ही पेटींत शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. १९१२ सालीं शेवटच्या बालबादशहानें गादी सोडली व ही परंपरा संपली.

ज्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस या छंदाची आवड वाटेल, त्यांस दोन सूचना. नाणें चिंचेनें अगर राखेनें घासूं नये. त्यावरील काळसर हिरवा थर हेंच त्याचें वय. आणि एकदम महागडें नाणें घेऊं नये, कारण नकली नाणीं फार; आधीं साधीं नाणीं घेऊन अक्षरांचें वळण, कडा व वजन यांची ओळख करून घ्यावी. पालकांनींहि या खटाटोपास पैशाची नासाडी समजूं नये, अशी त्यांस नम्र विनंति आहे. ज्या मुलानें एकदां नाण्याचें वजन व त्यावरील शब्द ताडून पाहिले, तो पुढें माणसांच्या शब्दांचेंहि वजन करावयास शिकेल.