निवळलेले पाणी

अगस्त्याचा उदय झाला की नद्यांचे पाणी निवळते, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत. आणि ज्याला एका खांद्यावर कॅमेरा व दुसऱ्या खांद्यावर गळाची काठी घेऊन हिंडण्याचा छंद जडला आहे, त्याच्या पंचांगात याहून मोठे पर्व दुसरे नाही. आषाढ-श्रावणात सह्याद्रीतल्या नद्या गाळाने इतक्या गढूळ असतात की माशाला आमिष दिसत नाही आणि भिंगाला मासा दिसत नाही. पुढे मार्गशीर्ष उजाडेपर्यंत डोंगर पिवळे पडून ओढ्यांचा आवाज थांबलेला असतो. भाद्रपदाच्या उतरणीपासून कोजागरीपर्यंतचा मधला काळ तेवढा आमचा. त्यातही पितृपंधरवडा मला विशेष प्रिय आहे, कारण मंगलकार्ये थांबलेली असतात, हौशी मंडळी प्रवासाचा मुहूर्त पुढे ढकलतात, आणि नदीकाठ त्याच्या खऱ्या मालकांच्या, म्हणजे खंड्या, बगळे आणि ढोकरी यांच्या ताब्यात असतो.

यंदा मी भोरवरून वरंधा घाटाने महाडकडे उतरलो. वाटेत नीरा-देवघरच्या फुगवट्यावर, जलाशयाचा ठेका असलेल्या मंडळींची रीतसर परवानगी काढून, एक अख्खा दिवस गळ टाकून बसलो आणि चिलापीखेरीज काही हाती लागले नाही. आफ्रिकेतून आणून आपल्या जलाशयांत सोडलेल्या आणि एतद्देशीय माशांच्या मुखातला घास काढून घेणाऱ्या या माशाबद्दल मला लेशमात्र ममत्व नाही. घाटमाथ्यावर सोनकीचे पिवळे आणि तेरड्याचे जांभळट गुलाबी गालिचे पसरले होते, त्यांची छायाचित्रेही उत्तम आली. पण त्या दिवसाविषयी एवढेच.

माझी ओढ होती ती बिरवाडीपलीकडील काळ नदीच्या पात्रातील वाळणकोंडीकडे. ती कशी लागली, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनचा मुलूख पायांखाली घालणाऱ्या कर्नल साइक्सने येथील माशांची जी वर्णने लिहून ठेवली, त्यांत पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला एक थोर मासा आहे. खुदरी हे त्याचे नाव साइक्सने १८३९ साली शास्त्राच्या दप्तरात नोंदवले, आणि दख्खनचा महाशीर आजही जगभर त्याच नावाने ओळखला जातो. ज्या नदीच्या काठी माझे सारे आयुष्य गेले, आणि जिचे पाणी आज शहराच्या सांडपाण्याने काळे झाले आहे, त्या नदीने एके काळी शास्त्राला असा मासा द्यावा, ही गोष्ट वाचल्या दिवसापासून माझ्या मनात सलत होती. त्या कुळातला मासा मला वाळणकोंडीत पाहायचा होता. ताटात नव्हे, जाळ्यातही नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या पाण्यात, स्वतःच्या तोऱ्यात.

दुपारी कोंडीवर पोचलो. डोंगरातून उड्या घेत येणारी काळ नदी येथे कातळात खोल उतरून शांत होते. काठावर वरदायिनी देवीचे स्थान आहे, आणि कोंडीतले मासे देवीचे असल्यामुळे त्यांना कोणी धरीत नाही. मी उताराला लागणार तोच शेवटच्या घराच्या पडवीतून एका वृद्ध गृहस्थांनी मला हटकले. अंगात बंडी, डोईला मळकट टॉवेल, आणि नजर माझ्यावर नसून माझ्या काठीवर.

“पाव्हणं, ती काठी घेऊन खाली जायचं नाय. देवीचं मासं हायत.”

“गळ टाकणार नाही, बाबा. फोटो काढायला आलो आहे.”

“नसंल टाकायचा. पर काठी नाय जायाची. हितं पडवीत ठेवा, कोन हात लावनार नाय.”

देवळात शिरताना वहाणा उतरवतात तितक्या सहजपणे त्यांनी माझी काठी, रीळ आणि आमिषाची डबी काढून घेतली. हा मनाई हुकूम कोणत्या कचेरीतून निघाला, असे विचारण्याची मला गरज वाटली नाही. तेथे मला ना चौकी दिसली, ना पहारेकरी. गावाची वहिवाट हीच सनद, आणि ती सरकारी मोहोरेपेक्षा पक्की असल्याचे त्या एका वाक्याने मला कळले.

खाली एक कुटुंब चुरमुऱ्यांच्या पुड्या रिकाम्या करीत होते आणि पाण्याला उकळी फुटल्यासारखे शेकडो मासे एकमेकांच्या पाठीवर चढत होते. मुलांचा आनंद पाहून मलाही बरे वाटले, पण कॅमेरा मी पिशवीतून काढलादेखील नाही. भुकेच्या त्या गर्दीत कोणत्याही प्राण्याचे खरे रूप दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे. परत येऊन मी बाबांना तसे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. “मग सकालच्याला जा,” ते म्हणाले, “कोन खायला घालायच्या आदी. रातीला हितंच ऱ्हावा.”

रात्री तांदळाची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी झाल्यावर पडवीत बसून बाबा नदीविषयी बोलत राहिले. पहिल्या पावसात वलगण सुरू झाली की मासे चढणीला लागतात, वरच्या ओढ्यांत अंडी घालतात, आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा खोल कोंडींचा आश्रय घेतात. वैशाखात नदीचे पात्र तुटून नुसती डबकी उरतात तेव्हा अशी एखादी कोंडच काय ती वंश तगवून धरते. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वीण करतो हे मी ग्रंथांत वाचले होते. पण वरच्या अंगाला अंड्यांनी भरलेल्या मादीवर कोणी पाग टाकला तर देवी काय करणार, हा प्रश्न ग्रंथांत नव्हता, तो बाबांनी विचारला. देवीची हद्द कोंडीपुरती; पलीकडे सह्याद्रीतल्या कितीतरी नद्यांत सुरुंगाचे बार आणि विषारी भुकटी चालते, आणि त्यात बोटाएवढी पिल्लेही वाचत नाहीत. हे सांगताना त्यांच्या आवाजात जो संताप होता, तो मला कोणत्याही परिषदेत ऐकायला मिळालेला नाही.

पहाटे खाली गेलो तेव्हा कोंडीवर धुके होते. नेहमीचे छायाचित्रकार पायऱ्यांपाशी, जेथे चुरमुरे पडतात तेथे बसतात. मी तेथे बसलो नाही. गळ टाकणाऱ्याच्या डोळ्यांना एक सवय लागलेली असते: मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, आणि धावते पाणी ज्या रेषेवर संथ पाण्याला भिडते, त्या रेषेच्या आतल्या बाजूस, फारसे श्रम न करता वाहून येणारे भक्ष्य टिपता येईल अशा जागी मोठा मासा आपले ठाणे मांडतो. ती रेषा मला वरच्या टोकाला, जेथे धार कोंडीत शिरते तेथे, फेसाच्या पट्ट्यावरून दिसली. काठी पडवीत होती. काठीने शिकवलेले सारे माझ्यापाशी होते.

कातळावर मी पोटावर सरपटत पुढे गेलो. पाण्याखालच्या माशाला काठावरचे सारे जग आपल्या डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसते, ज्याचा कोन सुमारे ९७ अंश असतो; काठावर ताठ उभा राहणारा मनुष्य त्या झरोक्यात ठळक उमटतो आणि जमिनीलगत राहणारा झरोक्याच्या कडेला दबून जातो. शिवाय पृष्ठभागावरची चकाकी पोलरायझर भिंगाने कापायची, तर लंबरेषेपासून सुमारे ५३ अंशांच्या कोनातून पाहावे लागते. एकीकडे माशाच्या नजरेतून वाचायचे आणि दुसरीकडे त्या कोनाची मर्यादा पाळायची, या दोहोंच्या ओढाताणीत योग्य खडक सापडेपर्यंत ऊन माथ्यावरच्या झाडांतून खाली उतरले. मी भिंगाची कडी फिरवली. चकाकी विरली, तळाचे गोटे दिसू लागले, आणि त्या गोट्यांच्या वर, हात-दीड हात लांबीचा तो मासा स्थिर उभा होता.

स्थिर म्हणतो, पण शेपटीची हालचाल क्षणभरही थांबत नव्हती. पाठीवर शेवाळी काळोख, कुशीवर नाण्यांएवढे खवले, आणि ज्या खवल्यावर ऊन पडे तो जुन्या पितळेच्या रंगाने उजळून पुन्हा मंद होई. मधूनच तो तिरपा होऊन वाहत आलेले काहीतरी टिपी आणि पुन्हा बोटभरही न चुकता आपल्या जागी येई. मुळा-मुठेच्या पाण्यातही त्याचे कुलबांधव असेच उभे राहत असतील, हे मनात आले आणि हर्ष व विषाद यांचे असे मिश्रण झाले की काही काळ कळ दाबण्याचेही भान राहिले नाही. मग मात्र मी त्याची पुष्कळ छायाचित्रे घेतली, आणि ऊन पालटेपर्यंत तेथून हललो नाही.

पडवीत येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती बाबांना दाखवली. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि नातवाला हाक मारली. “ह्यो बघ, शेपटीला खाच हाय तो. धारंच्या तोंडाला ऱ्हातो, खाली येत नाय खायला.” मी चित्र मोठे करून पाहिले. शेपटीच्या वरच्या पाकळीला खरोखरच एक खाच होती. भिंगातून इतका वेळ पाहूनही माझ्या ध्यानात न आलेली.

पुढचा दिवस सावित्रीच्या काठी गेला, आणि तेथे एक बरा शिंगाळा लागला. बाबांनी राहण्या-जेवण्याचा एक पैसा घेतला नाही; देवळात लावण्यासाठी मोठा फोटो मात्र मागितला. तो आता पुण्यात छापून तयार आहे. खाच स्पष्ट दिसावी म्हणून छापणाऱ्याकडून तो मी पुन्हा करवून घेतला, आणि दिवाळीपूर्वी स्वतः जाऊन पोचता करणार आहे.