आजीचं कन्फेशन

पंचविशी-तिशीतले दोन कॅथलिक भेटले की हल्ली लॅटिन मिस्सेचा विषय निघतोच. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सेत लोकांच्या भाषा आणल्या. १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी जुन्या लॅटिन मिस्सेवर बंधनं घातली. २०२५ मध्ये ते गेले, लिओ चौदावे आले, वाद चालूच. माझ्या टीममधला मंगळुरूचा एक जण कट्टर लॅटिनवाला आहे. मी लोकभाषेच्या बाजूचा. पण आमच्या लोकांची भाषा नक्की कुठली?

१६ जुलै हा कार्मेल मातेचा सण. कोर्लईचं चर्च तिच्याच नावाचं. मी अलिबागचा, आजोळ कोर्लई. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की आलंच. तिथले कॅथलिक घरात बोलतात ती 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून झालेली. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले, बोली राहिली. आता बोलणारे हजाराच्या आसपास. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाचं १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक आलं. चर्चमध्ये मात्र मिस्सा मराठीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हजार माणसांसाठी प्रार्थनापुस्तक कोण छापणार? पण मिस्सा ऐकून निभावते. कन्फेशन आपल्याला बोलायचं असतं.

पक्षाघातानंतर आजीची मराठी गेली. नंतर शिकलेली होती, ती आधी गेली. नौ लिंग मात्र शाबूत, शिव्यांसकट. फादर घरी कम्युनियन द्यायला येतात, माणूस मायाळू, पण त्यांना ही बोली येत नाही. आणि आजीला कन्फेशन हवं होतं. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला नौ लिंग ठाऊक नाही. (बघितलं मी. धंद्याची खोड.) नियम मात्र सापडला. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ९९० म्हणतं, दुभाष्यामार्फत कन्फेशन करता येईल. कलम ९८३ प्रमाणे गुपित राखणं त्या दुभाष्यावरही बंधनकारक.

आई म्हणाली, "मी बसते." आजीने भिंतीकडे तोंड फिरवलं. बरोबरच आहे. आयुष्यभराचा हिशोब, त्यात आईच्या नावाच्याही चार नोंदी असणार, तो पोटच्या पोरीच्या तोंडून फादरांपर्यंत जायचा? माझा तर प्रश्नच नव्हता. माझी नौ लिंग जेवण मागण्यापुरती.

मंगळुरूवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, "बघ, लॅटिन सगळ्यांनाच सारखी परकी, म्हणून कुणावर अन्याय नाही." मिस्सेपुरतं ठीक आहे. पण लॅटिनच्या काळातही माणसं पापं आपापल्या बोलीतच सांगायची, ती समजून घेणं पाद्र्याचं काम होतं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून येऊन मराठी शिकले, १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं. कोर्लईला नेमणूक झालेल्या फादरांना सहा महिने नौ लिंगची शिकवणी द्यावी, एवढंच माझं म्हणणं. शिकवायला गावात घरटी एक म्हातारी आहे.

शेवटी आजीने स्वतःच माणूस निवडला: शेजारची तिच्याच वयाची मैत्रीण. तिला एका कानाने कमी ऐकू येतं. त्यामुळे दार लावलेलं असूनही आजी काय बोलते ते ओटीपर्यंत येऊ लागलं. आईने रेडिओ लावला, मोठ्याने, आणि मला घेऊन अंगणात गेली.

पाऊण तास लागला. मैत्रीण बाहेर आली, पदराने डोळे पुसले आणि चहा मागितला. साखर जास्त घाल म्हणाली.