परीक्षकाची परीक्षा

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःच त्याची परीक्षा घेऊ नये, हा दंडक संगणकक्षेत्रातील तरुण मंडळी आम्हांला मोठ्या उत्साहाने समजावून सांगतात तेव्हा आम्ही ते नम्रपणे ऐकून घेतो. वस्तुतः हिशेबतपासणीच्या धंद्यात हा दंडक फार जुना आहे. ज्याने रोजकीर्द लिहिली त्यानेच ताळा पाहिला तर जी चूक लिहिताना नजरेतून सुटली तीच तपासतानाही सुटते. कारण नजर एकच असते. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल पेन्सिलीच्या खुणा करण्यात गेल्यामुळे असेल, पण संगणकाच्या या परीक्षाशास्त्राविषयी आम्हांला निवृत्तीनंतर विलक्षण कुतूहल उत्पन्न झाले. पुतणी इंदुरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत हेच काम करीत असल्याने त्या कुतूहलाला खाद्यही मिळत गेले.

पूर्वी ही परीक्षा हातानेच होई. एक मनुष्य पडद्यासमोर बसून प्रत्येक बटण दाबी, प्रत्येक चौकटीत काही तरी भरी आणि अपेक्षित उत्तर आले की कागदावर टिकचे चिन्ह करी. प्रोग्रॅममध्ये एका ओळीचा बदल झाला की पुन्हा पहिल्यापासून हेच करावयाचे. शंभराव्या फेरीला मनुष्य बटण न दाबताच टिक करू लागतो, हे सांगणे न लगे. या कंटाळ्यातूनच २००४ साली शिकागोच्या थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी ब्राउझर आपोआप चालविणारे एक साधन तयार केले. त्याचे नाव सेलेनियम. त्या काळी या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा समजला जातो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. विनोद जरा रसायनशास्त्रीय आहे. पण बरा आहे. पुढे या साधनाची ब्राउझरशी बोलण्याची पद्धत २०१८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

सेलेनियमने परीक्षक बटण दाबण्यातून सुटला, पण वाट पाहण्याच्या कामात अडकला. पान पडद्यावर उमटण्याआधीच यंत्र बटण शोधू लागे, ते सापडत नसे आणि परीक्षा नापास होई. उपाय म्हणून लोक मध्ये ‘पाच सेकंद थांब’ अशी आज्ञा घालीत. कधी पाच पुरत नसत, कधी एकच पुरला असता. आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास, अशा लहरी परीक्षांवरचा विश्वास उडण्यास वेळ लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० साली आणलेल्या प्लेराइटने या दुखण्यावर चांगला इलाज केला. बटण दिसत आहे काय, स्थिर आहे काय, दाबण्याजोगे आहे काय, हे ते स्वतः पाहते आणि मगच दाबते. परीक्षा नापास झालीच, तर प्रत्येक पायरीला पडदा कसा होता याची नोंद मागाहून उलगडून दाखविते. आम्ही ती नोंद प्रथम पाहिली तेव्हा आमच्या काळी असे काही असते तर किती कारकुनांची निष्कारण बोलणी वाचली असती, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

परीक्षा घेतली तरी पुढची कामे उरतातच. तयार झालेला प्रोग्रॅम सर्व यंत्रांवर नेऊन बसविणे हेही एक काम, आणि तेही आता साखळीने आपोआप होते. कोणी नवी ओळ लिहिली की परीक्षा सुरू, पास झाली की पुढची पायरी, नापास झाली की साखळी तेथेच थांबली. जेन्किन्स, गिटहब ॲक्शन्स ही त्यांतील परिचित नावे. अशी साखळी कशाला हवी, हे ज्याला पटत नसेल त्याने नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली पेढीची हकीकत वाचावी. तेथे आठ यंत्रांवर नवा प्रोग्रॅम हाताने बसविण्यात आला, त्यांतील एक यंत्र राहून गेले, आणि आठही ठिकाणी तो पोहोचला की नाही हे दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या आठव्या यंत्रातील जुनी, निरुपयोगी समजली गेलेली आज्ञावली जागी झाली आणि सुमारे पाऊण तासात पेढीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पेढी स्वतंत्रपणे पुढे टिकली नाही.

येथवर आमचे मत यंत्राच्या बाजूचेच आहे. पण अलीकडे जे सुधारणेच्या नावाने आले आहे, त्याविषयी आमच्या मनात किंतु आहे, आणि पुतणीचा व आमचा वाद त्यावरच होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेराइटच्या नव्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे तीन सहायक आले. पहिला परीक्षेची योजना आखतो, दुसरा त्या योजनेवरून परीक्षा लिहितो, आणि तिसरा नापास झालेली परीक्षा ‘बरी’ करतो. बटणाचे नाव बदलले म्हणून परीक्षा अडली असेल तर तो नवे नाव शोधतो, परीक्षेत दुरुस्ती करतो आणि ती पुन्हा चालवितो.

आम्ही म्हटले, “अगं, जमाखर्चाचा ताळा बसेना म्हणून ताळाच बदलणाऱ्या कारकुनाला आम्ही घरी पाठवीत असू!”

ती हसली. “काका, तसं नाही. आमच्या नापास परीक्षांपैकी कितीतरी केवळ बटण इकडचं तिकडे गेलं म्हणून नापास होतात. त्या निस्तरण्यात माझे दोन दिवस जात. आणि प्रोग्रॅमच बिघडला आहे असं त्या सहायकाला वाटलं, तर तो परीक्षा पास करीत नाही, बाजूला ठेवतो.”

“आणि बाजूला ठेवलेल्या परीक्षांकडे कोण पाहतं?”

यावर ती क्षणभर गप्प राहिली. ‘पुढील तपासणीत पाहावे’ असा शेरा मारलेल्या बाबी आम्ही स्वतः कपाटांतून पिवळ्या पडलेल्या पाहिल्या आहेत. सहायक लबाड आहे असे आमचे म्हणणे नाही. तो उत्साही आहे, आणि तपासनीसाच्या अंगी उत्साहापेक्षा संशय अधिक असावा लागतो. तपासणाऱ्या यंत्रातच खोट असली तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी पाठविलेली एक सदोष फाईल तिच्याच आपोआप चालणाऱ्या तपासनीस प्रोग्रॅमने बिनदिक्कत पास केली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने जागीच राहिली, रुग्णालयांची कामे अडली. परीक्षा झाली नव्हती असे नाही. परीक्षकाचीच परीक्षा अपुरी पडली होती.

आता आमच्या घराजवळची गोष्ट. आमच्या एका वयोवृद्ध आप्तांचे आडनाव काळे. एका कार्यालयाच्या संगणकाने रोमन अक्षरांवरून ते देवनागरीत उतरविताना ‘काले’ केले. हिंदी प्रांतात ळ हे अक्षर रोजच्या वापरात नाही, तेव्हा यंत्राला दोष तरी काय द्यावा? पण दुसऱ्या कागदावर काळे होते. दोन्ही नावे जुळेनात, आणि निवृत्तिवेतन चार महिने अडून राहिले. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या घरांना हा अनुभव नवा नसेल. त्या प्रोग्रॅमच्या शेकडो परीक्षा झाल्या असतील, पण ‘ळ असलेले नाव भरून पाहा’ ही एक परीक्षा कोणी लिहिली नव्हती. आणि जी लिहिलीच नाही ती परीक्षा यंत्र कितीही वेगाने घेऊ शकत नाही.

याहून चमत्कारिक प्रकार ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचा. पडद्यावर अगदी एकसारखे दिसणारे हे जोडाक्षर संगणकाच्या पोटात दोन निरनिराळ्या तऱ्हांनी साठविता येते: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. एका कारकुनाने एका तऱ्हेने नाव भरले आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधले, तर ‘अशी व्यक्ती नोंदीत नाही’ असे उत्तर मिळू शकते. डोळ्यांनी तपासणारा मनुष्य येथे हमखास फसतो. यंत्र मात्र दोन्हींतला फरक तत्काळ ओळखते. हे काम यंत्राकडेच असावे, याविषयी आमचा व पुतणीचा मतभेद नाही.

तिच्याकडूनच आम्हांला कळले की कुकुम्बर नावाच्या साधनात परीक्षा साध्या बोलभाषेत लिहिता येते, आणि ज्या अनेक भाषांची त्यात सोय आहे त्यांत मराठीही आहे. फाईलच्या आरंभी भाषेची खूण केली की ‘वैशिष्ट्य’, ‘परिदृश्य’, ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’ हे शब्द यंत्राला समजतात. आम्ही त्या संध्याकाळी चहा निवेपर्यंत बसून एक परीक्षा लिहिली:

वैशिष्ट्य: निवृत्तिवेतनधारकाचा शोध
परिदृश्य: नावात ळ असणे
जर नोंदवहीत ‘काळे’ हे आडनाव आहे
जेव्हा कारकून ‘काळे’ शोधतो
मग तेच नाव जसेच्या तसे दिसावे
आणि ‘काले’ असे दिसू नये

या ओळींच्या पाठीमागे खरे काम करणारा प्रोग्रॅम पुतणीला निराळा लिहावा लागला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नुसत्या मराठीने यंत्र हलत नाही. पण काय तपासावयाचे हे ठरविणे आमच्याकडे राहिले. दोन दिवसांनी तिचा निरोप आला की कंपनीतील परीक्षांच्या नमुना-नावांत आजवर केवळ शर्मा, वर्मा आणि जॉन स्मिथ होते. आणखी नावे हवीत, शक्य तितकी अवघड. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि यादी करावयास बसलो. काळे, पळशीकर, गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूरकर, ॲबट. शेवटचे नाव शेजारच्या मिशन शाळेतील बाईंचे. पण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले असल्याने जुनी यंत्रे त्यावर अडखळतात, म्हणून ते मुद्दाम घातले. एकूण सत्तेचाळीस नावे झाली. पैकी नऊ नावांवर प्रोग्रॅम नापास झाला, आणि त्या नऊ परीक्षांना सहायकाने हात लावू नये, असे पुतणीने आपल्या वरिष्ठांकडून लेखी घेतले आहे.