कर्ज फिटलं, पण जमीन कुणाची?

१९९० च्या आसपास घरासाठी कर्ज मागायला निघालेला माणूस एकटा जात नसे. सोबत दोन जामीनदार लागत. एक ऑफिसातला, कायम नोकरीतला. दुसरा बहुधा मेहुणा. दोघांच्या पगाराच्या स्लिपा, दोघांच्या सह्या, आणि सह्या होईपर्यंत दोघांच्या बायकांची नाराजी. ‘सही करतो, पण हप्ते थकले तर माझ्या पगारातून कापतील हो,’ हे वाक्य त्या काळात किती दिवाणखान्यांत उच्चारलं गेलं असेल! आजचा पंचविशीतला मुलगा मोबाईलवर सिबिलचा स्कोअर दाखवतो आणि विषय संपतो. सिबिल २००० साली सुरू झाली. तिच्या नावाने लोक बोटं मोडतात, पण तिने महाराष्ट्रातल्या मेहुण्यांवर केलेले उपकार कुणी मोजलेले नाहीत.

मी वकिलीत पाऊल टाकलं ते सर्च घेणारा ज्युनियर म्हणून. सर्च म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून त्या मिळकतीची मागची तीस वर्षं चाळणं. फीची पावती खिडकीत द्यायची आणि शिपायाच्या मर्जीची वाट बघायची. मग सूची क्रमांक दोनची रजिस्टरं समोर येत. जाड पुठ्ठे, वाळवीने खाल्लेले कोपरे, आत रकान्यांत गावाचं नाव, सर्व्हे नंबर, देणार, घेणार, मोबदला. एखादं वर्ष ‘बाइंडिंगला गेलंय’ असं उत्तर मिळायचं, एखाद्या वर्षाची पानंच फाटलेली असायची. मग रिपोर्टात तसं लिहावं लागे: अमुक सालची सूची फाटलेली, पाहण्यास उपलब्ध नाही. सीनियर ते वाक्य वाचून चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, ‘नेमकं त्याच वर्षी कुणी गहाण टाकलं असेल तर?’

आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सर्च घरबसल्या होतो. सातबारा डिजिटल सहीचा मिळतो, मालमत्ता पत्रक मिळतं. छान आहे. पण जुनी वर्षं सगळीकडे सारखी मिळत नाहीत, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नोंद हाती लागत नाही. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, अशी समजूत करून घेणारे तरुण वकील मला भेटतात. त्या फाटक्या रजिस्टरांचा एवढा एक गुण होता: पान नाही हे डोळ्यांना दिसायचं.

तेव्हाही अशील विचारायचे आणि आजही विचारतात, ‘बँकेच्या वकिलाने कागद पाहिलेत ना, मग तुम्हाला वेगळी फी कशाला द्यायची?’ उत्तर तेव्हाचंच आहे. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. पंचाहत्तर लाखांच्या वरचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देत नाही. उरलेला पैसा तुमचा. त्याची काळजी बँकेच्या वकिलाने का करावी?

मुद्रांकाचा तर नूरच पालटला. स्टँप पेपरची चळत घेऊन टंकलेखकाकडे बसणं, शेवटच्या कागदावर मजकूर संपत नाही म्हणून आणखी एक घ्यायला धावणं, ते गेलं. तेलगीच्या बनावट मुद्रांकांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा लोक कपाटातले जुने दस्त काढून उजेडासमोर धरून बघत होते. नंतर फ्रँकिंग आलं, मग ऑनलाइन चलन. नोंदणीही संगणकावर गेली. फोटो आणि अंगठा तिथल्या तिथे, दस्त त्याच दिवशी हातात. पूर्वी नोंदवलेला दस्त परत यायला महिने लागत, कधी वर्ष उलटे, आणि तोवर ती नोंदणीची पावती देवघरात ठेवलेली असे. (रोखीचा भाग मात्र दोन्ही काळांत आहे. आकडा कमी झाला, पिशवी गेली नाही.)

खरा फरक पडला तो कर्जात. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली तेव्हा पगारदाराने घरासाठी संस्थेकडून दीर्घ मुदतीचं कर्ज घ्यावं ही कल्पनाच नवी होती. त्याआधी प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या पाटल्या आणि निवृत्तीचे पैसे यांतून घर व्हायचं, म्हणजे घर व्हायचं तेव्हा केस पांढरे झालेले असायचे. नव्वदच्या दशकात कर्ज मिळू लागलं, पण व्याज पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि हिशेब वार्षिक पद्धतीचा. म्हणजे तुम्ही दरमहा हप्ता भरायचा, पण मुद्दलातून तो वजा व्हायचा वर्ष संपल्यावर. पहिल्या महिन्यात फेडलेल्या पैशावरही अकरा महिने व्याज चालू. हे समजावून सांगितलं की शाळामास्तर अशील सुद्धा वही काढून पुन्हा पुन्हा गुणाकार करत बसायचे. आणि चेक! पुढच्या तारखांचे छत्तीस चेक एका बैठकीत सही करून द्यावे लागत. विसाव्या चेकनंतर सही वळायला लागायची, आणि सही जुळत नाही म्हणून एखादा परत यायचा. मुदतीआधी कर्ज फेडायला गेलात तर वर दंड. प्रामाणिकपणाबद्दल दंड घेणारा हा एकच व्यवहार मी पाहिला.

यातलं बहुतेक सगळं सुधारलं आणि ते नियामकाने कान पिळल्यामुळे सुधारलं, हे स्पष्ट सांगायला हवं. बँकांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बंद केला. व्याजदर पूर्वी बँकेच्या मर्जीवर हलत. वाढायचे सगळ्यांना, कमी व्हायचे नव्या ग्राहकाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या कर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या मापाला बांधला गेला आणि तीन महिन्यांतून एकदा तरी तो नव्याने ठरवणं सक्तीचं झालं. तरी एक खोड राहिलीच. दर वाढला की हप्ता तेवढाच ठेवून मुदत गुपचूप लांबवायची. साठीत फिटणारं कर्ज सत्तरीत गेल्याचं अनेकांना विवरणपत्र मागितल्यावर कळलं. २०२३ च्या ऑगस्टमधल्या आदेशाने आता बँकेला हे कळवावं लागतं आणि हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय द्यावा लागतो. तुम्हाला पत्र आलं असेल. बहुतेकांनी ते उघडलेलं नाही.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत मिळवणं ही तर वेगळी वारी होती. कागद मध्यवर्ती गोदामात, गोदाम दुसऱ्या शहरात. माझ्या एका अशिलाचं मूळ करारपत्र एका बँकेने हरवलं. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, हे सगळं त्या बिचाऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलं आणि घर विकताना भावही पाडून दिला. आज असं झालं तर? १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे: पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये. कागद हरवले तर दुय्यम प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेचाच. हा नियम तोंडपाठ करून शाखेत जा, आवाज चढवावा लागत नाही.

म्हणून ‘जुने दिवस बरे होते’ असं कुणी गृहकर्जाबद्दल म्हणालं तर मी मान हलवत नाही. ते दिवस महाग होते. त्या काळची कर्जविभागातली माणसं मात्र आठवतात. फाइल हाताळणारा साहेब तुम्हाला नावाने ओळखायचा, हप्ता चुकला की आधी घरी फोन करायचा. आता वसुलीचा फोन येतो तो नाव चुकीचं उच्चारणाऱ्या आवाजाचा.

एक गोष्ट मात्र तिथेच अडली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. तुमचं साठेखत झालं, नोंदणी झाली, कर्ज फिटलं, शेअर सर्टिफिकेट आलं. इमारतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे? १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याने बिल्डरवर जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देण्याचं बंधन घातलं. करारात मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. हेच अभिहस्तांतरण, लोकांच्या तोंडी कन्व्हेयन्स. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बांधलेल्या किती सोसायट्या या चार महिन्यांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या, ते कोणत्याही जुन्या उपनगरात फिरून विचारा. मूळ मालक वारला, वारस अमेरिकेत, बिल्डरची भागीदारी मोडली. तेव्हाचे सभासद म्हणायचे, ‘आपण राहतोय ना, मग कोण हात लावतो?’ मग एफएसआय वाढला, पुनर्विकासाची भाषा सुरू झाली, आणि जमीन ज्याच्या नावावर तो जागा झाला.

कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची वाट मिळाली. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते. ते सुनावणी घेऊन आदेश देतात, आणि बिल्डरच्या सहीवाचून दस्त नोंदवता येतो. जुने कागद जमवायला त्रास होतो, वर्ष जातं, पण काम होतं. तरीही अर्ज करायला सोसायट्या धजत नाहीत. खर्च कुणी करायचा यावर सभा संपते.

कर्जाची बाजू सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने बरीचशी सरळ केली. ही बाजू सभासदांनीच करायची आहे. तुमच्या सोसायटीचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आज संकेतस्थळावर काढून बघा. धारकाच्या रकान्यात सोसायटीचं नाव नसेल, तर येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्या, रंगकामाच्या आधी.